तिसऱ्या मजल्यावरचा ट्रॅक्टर

बँकवाल्यांचं कौतुक माझ्यासमोर तरी करू नका. मागच्या वर्षी शिवणकामाच्या दुकानासाठी मी कर्ज मागितलं, तर मॅनेजर क्रेडिट रिपोर्ट बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही ट्रॅक्टरचे हप्ते थकवलेत."

"अहो, मी नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर राहते. ट्रॅक्टर लावू कुठे, गॅलरीत?"

"ते मला माहीत नाही. रिपोर्टमध्ये आहे."

मी ऑनलाइन तक्रार केली आणि ते कर्ज देणाऱ्या कंपनीच्या मनमाडच्या ऑफिसात जाऊन फाइल काढायला लावली. कर्ज माझ्याच नावाच्या दुसऱ्या बाईंचं होतं. त्यांचा पॅन नंबर टाइप करताना एक अक्षर चुकलं आणि तो नेमका माझा नंबर झाला. अर्जावर त्यांचा फोटो होता. बाई चांगल्या साठीच्या, मी अडतीसची. क्लार्कने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "फोटो जुना असेल."

"म्हणजे तेव्हा मी म्हातारी होते आणि आता तरुण झाले?"

तेव्हा कुठे त्याचा साहेब खुर्चीतून उठला. रिपोर्ट दुरुस्त व्हायला महिना गेला, तोवर मी ठरवलेला गाळा दुसऱ्याने घेतला. शेवटी दुसऱ्या बँकेने कर्ज दिलं आणि नवा गाळा मिळाला. मग जुन्या मॅनेजरचा फोन आला. आवाजात नुसती साखर.

"मॅडम, तुमच्यासारखे प्रामाणिक ग्राहक हवेत आम्हाला."

मी म्हटलं, "प्रामाणिक मी तेव्हाही होते. तुम्हाला कागद वाचायचा कंटाळा होता." आणि फोन ठेवला.