खाल्लं : शून्य

राजनंदिनी : ...आणि अमृतचं घड्याळ तू घालतेस, हे मला सांगायचं नाही, आई?

बनाबाई : त्यात काय सांगायचं? पडून ऱ्हायलं तर बंद पडंल म्हनून. तुज्या भावाचा मोबाईलबी माज्या पिशवीत आसतो.

राजनंदिनी : त्याचं खातं माझ्या मोबाईलला जोडलेलं आहे. सोमवारी भोरच्या खोलीवर चहा ठेवला होता. स्क्रीनवर आलं, ‘अमृत चार किलोमीटर चालला.’ त्याला जाऊन दोन महिने झालेत. चहा उतू गेला, मी बघत राहिले.

बनाबाई : म्हंजी मोजतंय व्हय ते मला!

राजनंदिनी : रोज पहाटे, तोरण्याच्या वाटेनं, तो पळताना कोसळला त्या वळणापर्यंत. जळाल्या दोनशे कॅलरी. खाल्लं, शून्य.

बनाबाई : आगं, कुनी लिवलं न्हाई म्हनून शून्य. चा पिते की.

राजनंदिनी : आणि जेवण? ब्लाउजची बाही बघ, दंडावर लोंबतेय.

बनाबाई : मंग बरंच की. त्यालाबी तू आसंच बारीक करत व्हतीस.

राजनंदिनी : ...हो. भरतीआधी सहा किलो उतरवायचे होते त्याला. मीच म्हटलं, रोज पाचशे कॅलरी कमी खा. घड्याळ पळण्याचे आकडे फुगवून सांगतं, ते मोजून जादा खाऊ नकोस. तो दहा-दहा किलोमीटर पळत होता, आई. फुगवलेले वजा केले तरी निदान पाचशे जळतच होते. तूट दुप्पट झाली, आणि मी वजन उतरतंय म्हणून खूश.

बनाबाई : डाक्टर म्हनलं, काळजात जल्मापास्नं खोट व्हती.

राजनंदिनी : म्हणाले. मी तरी रोज पुन्हा आकडेमोड करते.

बनाबाई : आन म्या? त्या दिशी तव्यावरची भाकरी म्होरं धरली. म्हनला, पळून आल्यावर खातो. म्या दारात आडवं व्हायाला पायजे व्हतं. आता रोज वळनावर न्हेऊन ठिवते.

राजनंदिनी : आणि तू?

बनाबाई : त्याच्या आधी कशी खाऊ?

राजनंदिनी : आजची अजून नेली नाहीस ना? आण इकडं. मोड. मी लिहिते.

बनाबाई : कुनाच्या नावावर?

राजनंदिनी : त्याच्याच. घड्याळ त्याचं, खातं त्याचं.

(भाकरी मोडल्याचा आवाज.)

बनाबाई : लिव. अर्दी नाचनीची, आन मिरचीचा ठेचा.

राजनंदिनी : लिहिलं.

बनाबाई : शून्य गेलं?

राजनंदिनी : गेलं.

बनाबाई : मंग ही अर्दी तू घे. तुजं कोन लिवतंय?