स्क्रूवरचा लाल ठिपका

(शाळांच्या स्की स्पर्धेची सकाळ. गावात स्की-दुरुस्तीचं दुकान चालवणारा गेंझो वर, जिथून मुलं सुटतात त्या खोपीपाशी. त्याची मुलगी माकी खाली, शर्यत संपते तिथे. दोघांच्या हातात वॉकीटॉकी.)

माकी : बाबा, ऐकताय ना? आपली नागिसा कितवी आहे?

गेंझो : तेहेतिसावी. आत्ता चोविसावा पोरगा सुटला. आई तू, आणि नंबर मला विचारतेस? आणि बोलून झालं की बटण सोडत जा, मला मध्ये बोलताच येत नाही.

माकी : तिची बॅग माझ्याजवळ आहे. सुका हातमोजा असेल म्हणून उघडली. आत तुमचा स्क्रू-ड्रायव्हर निघाला.

गेंझो : माझा कसा असेल? माझा माझ्या खिशात आहे.

माकी : छोटा नाही. दुकानातला, लाकडी मुठीचा. तुम्ही कुणाला हात लावू देत नाही तो.

गेंझो : तो तिच्या बॅगेत कसा गेला?

माकी : तेच विचारतेय मी.

गेंझो : काल संध्याकाळी मी तिची दोन्ही बाइंडिंगं, बूट स्कीला धरणारे ते चाप, स्वतः लावलीत. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, सगळं तक्त्यात बघून. आकडा साडेपाच. उगाच सुटणार नाहीत, आणि पडली तर बूट सोडल्याशिवाय राहणार नाहीत. वर ठिपका लावलाय.

माकी : तो ठिपका आहे का बघा. आत्ता बघा.

गेंझो : नागिसा! इकडे ये. पाय पुढे कर.

नागिसा : आजोबा, माझं लक्ष विचलित करू नका ना. मनातल्या मनात उतार पाठ करतेय मी.

गेंझो : पाठ कर की. पायानं पाठ करतात का? कर पुढे... आहे, माकी. लाल ठिपका आहे. अर्धा स्क्रूवर, अर्धा बाहेरच्या कडेवर. जुळलेला आहे. स्क्रू कुणी फिरवला असता तर ठिपका मोडला असता. हुश्श. तू पण ना, जीव घेतेस माझा.

माकी : बॅगेत नेलपॉलिशची बाटली पण आहे.

गेंझो : असेल. पोरगी चौदा वर्षांची आहे.

माकी : शाळेत चालत नाही त्यांना. तिनं आजवर एकदाही लावलेलं नाही. बाबा, चष्मा पुसा आणि परत बघा.

गेंझो : सव्वीस सुटला... थांब, वाफ धरलीय काचेवर... नागिसा, हा रंग गुलाबी आहे.

नागिसा : उन्हात तसा दिसतो.

गेंझो : ऊन कुठाय? सकाळपासून धुकं आहे. आणि आकडा दिसतो त्या खिडकीवर हा सशाचा स्टिकर कुणी चिकटवला?

नागिसा : शुभ असतो तो.

गेंझो : काढ.

नागिसा : आजोबा, प्लीज. आता सहाच जण राहिलेत माझ्या पुढे.

गेंझो : काढ म्हणतो ना!... माकी, नऊ आहे.

माकी : काय?

गेंझो : नऊ. पुढचं पण, टाचेचं पण. साडेपाचाचे नऊ केलेत पोरीनं.

माकी : सोडू नका तिला. बाबा, ऐकलंत? तिला सोडायचं नाही. या पोरीला कळतं का काही!

नागिसा : आईला सांगा, मला सगळं कळतं. गुरुवारी सरावाला पाचव्या खांबापाशी माझी स्की आपोआप सुटली. पडले नव्हते, काही नव्हतं, नुसतं वळत होते. तिथे कोच उभे होते. आज परत सुटली तर निईगाता प्रांताच्या संघातून मी गेले म्हणून समजा. शेजारच्या शिंबो आजी म्हणतात की घट्ट केलं की सुटत नाही.

गेंझो : शिंबो आजी लोणचं घालते. लोणच्याचं काही असेल तर तिला विचार.

नागिसा : आणि तुम्ही काय म्हणाला होतात? "आकडा बरोबर आहे." बस्स. माझी स्की सुटली आणि तुमचा आकडा बरोबर!

माकी : बाबा, वॉकीटॉकी तिच्या हातात द्या.

गेंझो : घे. बटण दाबून बोल.

नागिसा : आई, ओरडू नकोस. सगळे ऐकतात.

माकी : ओरडत नाही. माझा पाय आठव.

नागिसा : तेच सांगणार, माहितीय मला. तू सोळा वर्षांची होतीस, हाच उतार होता, स्की सुटली नाही आणि पाय फिरला. कारण आजोबांनी बाइंडिंग जास्त आवळलं होतं. सगळं गाव सांगतं. म्हणूनच तर हे आता सगळ्यांना ढिलं ढिलं करून देतात. घाबरतात.

माकी : आजोबांनी नाही आवळलं.

नागिसा : मग कुणी?

माकी : मी. आदल्या दिवशी, दुकान बंद झाल्यावर. याच लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं. सहाचे आठ केले. आणि कुणी विचारलं तेव्हा गप्प बसले.

गेंझो : माकी, अगं, सगळे पंच ऐकताहेत.

माकी : ऐकू देत. पंचवीस वर्षं झाली. नागिसा, दोन हिवाळे गावातल्या एकानंही आपल्या दुकानात स्की दिली नाही. लोक शेजारच्या खोऱ्यात जायचे. आणि हे रोज दुकान उघडून बसायचे, मी आतल्या खोलीतून बघायची. तरी तोंड उघडलं नाही मी. आवाज कसा झाला होता ते पण आजवर कुणाला सांगितलं नाही. ओलं लाकूड मोडल्यासारखा. तो माझ्या पायाचा होता. मला भीती वाटतेय गं, बाळा. काल वाटत नव्हती, आता वाटतेय. दे स्की आजोबांकडे.

नागिसा : ...आजोबा, खरंय हे?

गेंझो : खरंय.

नागिसा : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

गेंझो : आकडा माझा, मला नाही कळणार? त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून येऊन बघितला. आठ होता.

माकी : बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत.

गेंझो : काय बोलायचं? पोरगी पाय टांगून पडलेली. त्यावर आणखी हे लादू? तुझ्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली घेतली आणि तेव्हापासून प्रत्येक स्क्रूवर ठिपका लावतो. गिऱ्हाइकासाठी नव्हता तो. पोर उतारावर जायच्या आधी आपल्याला कळावं, एवढंच. नंतर कळून काय उपयोग? आता नेलपॉलिश विकणारी बाई दरवर्षी मला लाल बाटली देते आणि हसते.

माकी : मला वाटलं माझी बाटली हरवली.

गेंझो : तीस सुटला. नागिसा, काय ते ठरव. मी अडवणार नाही असं समजू नकोस, मी आडवा पडेन इथे. पण तू स्वतः दिलीस तर बरं.

नागिसा : ...घ्या. पण लवकर.

गेंझो : बूट दे आधी. तळवा वर कर. हे काय?

नागिसा : काय?

गेंझो : बर्फ. टाचेखाली पार दगड झालाय. घरून बूट घालून चालत आलीस ना? रस्त्यावर बर्फ वितळवायला कोमट पाण्याचे फवारे चालू, त्यातून?

नागिसा : सगळेच येतात. रबरी बूट घालून आणि हे खांद्यावर टाकून म्हाताऱ्या बायका येतात.

गेंझो : ओला तळवा वर आला की गोठतो. मग बूट नीट बसतच नाही, नुसता बसल्यासारखा वाटतो. गुरुवारी सुटली ती यानं. आकडा खरंच बरोबर होता गं. पण मी तुझा तळवा बघायला हवा होता, नुसतं "बरोबर आहे" म्हणून मोकळा झालो. चुकलं माझं.

माकी : बाबा, वेळ आहे का?

गेंझो : एकतीस उभा आहे. खरवडतोय... आता पुढचं... आठ... सात... हात गारठलेत माझे... साडेपाच. आता टाच. नागिसा, दिवा धर. धुक्यात आकडा दिसत नाही.

नागिसा : साडेपाच झाले. दिसतात मला.

गेंझो : नक्की? खोटं बोलू नकोस.

नागिसा : नक्की, आजोबा. आईची शपथ.

गेंझो : दाब पाय. वाजलं ते? असं वाजायला हवं. गुरुवारी वाजलं होतं?

नागिसा : नाही. थप्प झालं होतं.

माकी : यंत्रावर तपासून नाही झालं ना?

गेंझो : यंत्र दुकानात आहे, माकी. हातानं जेवढं होतं तेवढं केलंय. आज बिनठिपक्याची जाईल. बत्तीस सुटला. जा पोरी, उभी राहा.

नागिसा : आजोबा, मला भीती वाटतेय. खरं सांगते. परत सुटली तर?

गेंझो : मला पण वाटतेय. जा.

माकी : सुटली?

गेंझो : सुटली. पहिला खांब गेली... दुसरा... आता धुक्यात गेली. मला काही दिसत नाही. तू सांग.

माकी : इथून सातव्यापासून दिसतं. अजून नाही... अजून नाही, बाबा... आली! लाल टोपी, आली! सातवा. आठवा. जोरात येतेय, फार जोरात... नववा... बाबा!

गेंझो : काय झालं?

माकी : पडली. गोल गोल फिरत खाली आली. पडलीय, उठत नाहीये.

गेंझो : स्की कुठाय? माकी, आधी स्कीचं सांग. पायात आहे का?

माकी : उठत नाहीये, बाबा. मी चाललेय तिच्याकडे. बर्फात माझा पाय नीट पडत नाही...

गेंझो : माकी! पायात आहे का नाही?

माकी : नाही. नाहीये. एक वर खांबापाशी आडवी पडलीय. दुसरी... दुसरी पण सुटलीय. ती हलली. बसली. बाबा, ती उठून बसली! बर्फावर मुठी आपटतेय.

गेंझो : पाय हलवायला सांग. दोन्ही. मला ऐकू येऊ दे.

माकी : हलवते. दोन्ही हलवते. रडतेय, पण चिडून रडतेय. थांबा, तिला बोलायचंय.

नागिसा : सुटली, आजोबा. सांगत होते मी, सुटेल म्हणून.

गेंझो : हो. सांगत होतीस.

नागिसा : संघ गेला. हरले मी.

माकी : हरलीस. डोळे पूस. तुझे रबरी बूट आणलेत मी, ते घाल. आपण चालत घरी जाऊ.