मांगं कोन पाहीन?

…अन् काढून टाकलं! मिस्त्रीले! बसाले जागाच ठेवली नाही! आता तुमीच सांगा, हाकनारा हाकन, मान्य हाये मले, पन मांगं कोन पाहीन?

तुमी म्हनान, किसनराव, तू वांगे इकनारा मानूस, तुले फ्रान्सातल्या मोटारीच्या शर्यतीचं काय पडलं? मले काहीच नाही पडलं, बाप्पा! पडलं आमच्या शालिकराम मिस्त्रीले. माह्या बहिनीचा, गोदाचा नवरा. अकोटच्या एका जीनमधी कापसातून सरकी काढाचे रेचे दुरुस्त करते. त्या रेच्याचे सुटे भाग पेट्यामधी भरून विलायतेहून येत, अन् लोखंडाले मार लागू नये म्हनून पेटीत कोंबलेले असत तिकडचे जुने पेपर. रेचा मोडला का पेटी उघडाची, पेटी उघडली का शालिकराम पेपर मांडीवर घेऊन सपाट करन, अन् चालला पोस्टातल्या वामनरावाकडे वाचून घ्याले! वामनराव पुन्याकडचे, त्याईचं बोलनं कसं, इस्तरी केलेलं… "हे पाहा शालिकराम, एकोणीसशे सहा साली फ्रान्समध्ये मोठी शर्यत झाली, दोन दिवस चालली. प्रत्येक मोटारीत दोघंच. एक चालक, आणि शेजारी त्याचा मेकॅनिक. म्हणजे तुम्ही."

म्हंजे तुम्ही! झालं! त्या दोन शब्दाईनं चांगला चालता मानूस बारा वर्सं बिघडला!

कामं काय त्या मिस्त्रीचे? हातानं तेलाचा पंप दाबाचा, मांगं पाहून सांगाचं का कोन येऊन राहिलं, अन् टायर फुटला का त्या दोघाईनंच बदलाचा… तिसऱ्यानं हात लावला का बाद! शालिकरामानं हे हरिपाठावानी पाठ केलं. संध्याकाळी जीन सुटलं का माह्या रिकाम्या बंडीत डाव्या अंगाले बसते, एका हातानं हवेतच पंप दाबते, अन् मान मांगं. रस्त्यावर धूळ उठलेली, तिच्यात ते शेवटचं पिवळं ऊन, बैल आपल्याच गुंगीत… अन् हा हळूच म्हनते, "एक निळी मोटार येऊन राहिली, किसनराव. दूर हाये अजून." मी पाहातो तं नत्थुजीची म्हैस! म्या एक डाव चिडून म्हनलं, भाऊजी, तुमी समोर पाहा ना. तं म्हनते कसा, "समोर तू पाहून राहिला ना. मंग मांगं कोन पाहीन?" अन् खोटं काहून बोलू, दोन-चार डाव त्या धुळीत मलेबी निळी दिसली.

बरं, बातम्या तरी सरळ याव्या? एक पेटी उघडली तं लढाई संपलेली, दुसरी उघडली तं लढाई अजून लागाचीच! जग पुढं जाऊन राहिलं, पन आमच्या मिस्त्रीले कव्हा समजते? रेचा मोडन तव्हा! जीनमधी काम करते अन् मारुतीले नवस बोलते का मोडू दे… असा नोकर पाह्यला कुठी?

अन् औंदा मोडला! मोठ्या रेच्याचा रूळ. पेटी उघडली, पेपर निघाला, आमी दोघं वामनरावाकडे. त्याईनं वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "शालिकराम… पंचवीस सालीच त्यांनी मेकॅनिकला उतरवलं. आता तर त्याची सीटही काढली. एकटाच बसतो." फोटो दाखवला. मोटार दोडक्यावानी निमुळती, मधात एक भोक, भोकात एकच डोकं! पाच वर्सं झालती त्याले उतरवून, अन् हा रोज संध्याकाळी बसूनच होता! मले लय वाईट वाटलं, तुमाले सांगतो. त्यानं एवढंच इचारलं, "मंग मांगं कोन पाहीन?"

"आरसा लावलाय," वामनराव म्हनले.

आरसा! घरी येऊन सांगतलं, तं गोदा चुलीपासूनच म्हनली, "आरशाले भाकर लागत नाही, म्हनून ठेवला."

चार दिवस मानूस बोलला नाही. बंडीत बसे, पन तोंड समोर. त्या सरळ बसन्याचंच मले भेव वाटाले लागलं. पाचव्या दिवशी अकोटचा बाजार, बंडीत वांग्याचे बारा टोपले, अन् अर्ध्या रस्त्यात चाकाची खीळ निघाली, चाक गेलं बोरीच्या झुडपात! मांगून आमच्याच गावच्या चंद्रभानची बंडी आली. चार गडी उतरले, म्हनले सरका, लावतो हात, पाच मिनिटाचं काम.

तं आमचा मिस्त्री उठून उभा. "हात लावाचा नाही. कायदा हाये. आमी दोघंच."

चंद्रभान माह्याकडे पाहे. मी वांग्याकडे पाहो. एका शब्दाचं काम होतं… पन चार दिवसानं त्याच्या तोंडातून अवाज निघाला होता हो! म्या म्हनलं, "जा चंद्रभान. कायदा हाये."

मंग काय! बारा टोपले खाली, बंडी खांद्यावर, चाक बोरीतून बाहेर, खीळ नाही तं बाभळीची ठोकली… अन् येक येक बंडी आमाले वलांडून चालली! मैनाबाई मेथीची पाटी डोक्यावर घेऊन पायी गेली! एक लंगडी बकरी गेली! शेवटी टोपले चढवले, बैल जुपले, शालिकराम डाव्या अंगाले बसला, पंप दाबला, अन् किती दिवसानं मान मांगं वळवली. लय वेळ पाहात राहिला. धूळ बसली होती, रस्ता दूरवर पांढरा. चेहरा असा झाला त्याचा, का मले बैल हाकाचं सुचेना.

"मांगं कोनीच नाही, किसनराव."

आता ज्याच्या मांगं कोनीच नाही, तो एक तं पयला असते, नाही तं शेवटचा. आमी कोन होतो, मले ठावं होतं. त्यानं इचारलं, "आपन पयले का रे?" म्या म्हनलं, "हो भाऊजी, पयले."

बाजार उठला होता. आठ दिवस झाले, घरी वांगेच शिजून राहिले.