शून्य गुणांची स्कूटर

अपूर्वा : तसं नाही बाबा, प्रोग्रॅम कोणाची बाजू घेत नाही. आईच्या मागे राहिलेल्या वस्तू, आम्ही दोघी बहिणी, प्रत्येकीला शंभर गुण. जे जास्त हवं त्याला जास्त गुण द्यायचे. वाटणी तो करतो.

बाबा : आणि यावर तुला पीएचडी मिळणार?

अपूर्वा : भांडण न होता वाटणी कशी करायची, यावर अर्थशास्त्रात केवढं काम चाललंय. सर म्हणाले, कॉम्प्युटरमधली कुटुंबं पुरे झाली, आता खऱ्या घरात चालवून बघ.

आभा : म्हणजे आम्ही प्रयोगाचे उंदीर. दाखव लवकर, मला अंबडला कंपनीत पोचायचंय.

अपूर्वा : शिलाई मशीन ताईला. पितळी डबा मला. मोत्याच्या कुड्या ताईला. आणि स्कूटर... थांब हं.

आभा : काय झालं?

अपूर्वा : स्कूटर कोणालाच नको, काढून टाका, असं म्हणतोय. दोघींनी शून्य दिलेत.

बाबा : तिच्या स्कूटरला शून्य?

आभा : बाबा...

बाबा : नाही, बरोबर आहे. जुनी झाली. गॅरेजवाल्याला सांगतो, घेऊन जा म्हणून.

आभा : जुनी म्हणून नाही दिला शून्य. ही रोज कॉलेजला रिक्षानं जाते. म्हटलं, मी गुणच दिले नाहीत तर आपोआप हिला मिळेल.

अपूर्वा : आणि मी म्हटलं, तू कंपनीच्या बससाठी उन्हात उभी असतेस.

आभा : म्हणजे तू खोटे गुण दिलेस.

अपूर्वा : तूसुद्धा. ताई, माझ्या सगळ्या गणितात माणूस स्वतःसाठी मागतो असं धरलंय. दुसऱ्यासाठी सोडणारा मी धरलाच नाही. सरांना काय सांगू आता?

आभा : सांग, आमच्या घरात प्रोग्रॅम बंद पडतो.

अपूर्वा : हसू नकोस. परत गुण दे, खरे दे.

आभा : खरेच दिले होते. स्कूटर तू घे.

अपूर्वा : मी नाही घेणार. तू घे.

बाबा : भांडण होऊ नये म्हणून होतं ना हे?

अपूर्वा : बाबा, प्लीज.

बाबा : बरं, मला सांग, यात तिसरा माणूस बसतो का?

अपूर्वा : बसतो की. कोण?

बाबा : मी.

आभा : तुम्हीच म्हणालात, मला काही नको, मुलींनो तुम्ही घ्या.

बाबा : मीही तुमच्यासारखंच खोटं बोललो.

अपूर्वा : ठीक आहे. तुमचे शंभर. स्कूटरला किती देताय?

बाबा : सगळे.

आभा : अहो बाबा, तुम्हाला चालवता कुठे येते? जन्मभर आईच्या मागे बसलात. आत्या किती हसायची.

बाबा : हसू दे तिला. मागे बसून रस्ते सगळे पाठ झालेत. पुढे बसायचं तेवढं शिकायचंय.