ल्यूटची वही कोणी वाचली?

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपले माजी प्राचार्य, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सहकारी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रहो,

एकतीस वर्षं गिटार शिकवून मी आज निवृत्त होतोय. आत्ताच अध्यक्षांनी माझ्या निष्ठेचं कौतुक केलं. ती निष्ठा कसली होती, तेवढं सांगतो आणि बसतो.

आपल्या ग्रंथालयात ल्यूट या तंतुवाद्याच्या चारशे वर्षं जुन्या वहीची छापील प्रत पडून होती. सहा रेघा, त्यांवर अक्षरं. आम्ही शिक्षक त्यात स्वर शोधत बसलो आणि हात टेकले. उलगडा केला तो ग्रंथालयातल्या कारकून बाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीने.

"अहो, रेघा म्हणजे तारा. अक्षर म्हणजे बोट कुठे ठेवायचं ते!"

गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवली की वहीतली बोटं जशीच्या तशी बसतात, हेही तिनेच काढलं. मी विचारलं, "पण स्वर किती लांबवायचा?"

"वर खूण आहे ना. नवी येईपर्यंत जुनीच चालू. संसारासारखं."

दोन वर्षं खपून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर अठ्ठेचाळीस रचना उतरवल्या. मी आपला वाजवून बघणारा.

पुस्तक निघालं. नाव प्राचार्यांचं. प्रकाशनाला याच सभागृहात मी वाजवायला बसलो होतो. साहेब म्हणाले, "या लिपीने माझी झोप उडवली होती!" टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतून तिने माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी काय केलं असेल? मान खाली घालून तार लावत बसलो. ती आधीच लागलेली होती.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "छान वाजवलंत." पुन्हा तिने अशी वही हातात धरली नाही. पुढच्याच महिन्यात मी कायम झालो.

साहेब, याला चोरी म्हणायलाही मला तोंड नाही. दार मीच उघडं ठेवलं होतं.

आज तिला चल म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मानपत्र लावायला खिळा शोधून ठेवते."

आपण सर्वांनी प्रेम दिलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. घरी तेवढं मागायचं धाडस मला बावीस वर्षांत झालेलं नाही.