काढा करून देणारं स्थळ

हो हो, तोच तो वीरेंद्र, पेपरात फोटो आला होता तोच — आणि नाव माझ्याच ब्यूरोत होतं त्याचं, लपवायचंय कशाला? बसा हो मृणालिनीताई, अशा अर्ध्या उठू नका. गिरगावात बावीस वर्षं पन्नाशीपुढच्यांची लग्नं जुळवत्येय मी, एकशे चाळीस संसार उभे केले, त्यात एक निघाला खुनी — एक! — तर लोक बाकीचे एकशे एकोणचाळीस विसरले. कपाळावर लिहिलेलं असतं का? उलट काय स्थळ होतं! कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ, स्वयंपाक येतो, आणि वर काय, तर बायकोला रोज सकाळी स्वतःच्या हाताने काढा करून देणार. अहो, आमच्या ह्यांना तीस वर्षांत गॅस कुठून पेटतो ते कळलं नाही!

मी जमवून दिलेली पहिली कालिंदी, परळची, शाळेतून रिटायर झालेली. आठ महिन्यांत गेली. हार्ट, म्हणाले. वर्षाने हा परत आला, ढसाढसा रडला — ताई, घर खायला उठतं. मग मी काय करणार? सुमेधा सुचवली. अँटॉप हिलच्या क्वार्टर्समधली, बोलकी, हसरी, हिंदमाताहून आणलेली मोरपिशी साडी नेसून लग्नात काय मिरवली — पाच महिने. पाचच. पुन्हा हा दारात. पुन्हा मी प्रितीचं जमवलं, लोअर परळच्या ऑफिसातली, आणि तिला कडू म्हणून चालत नाही! बाईसाहेब रोज काढा गॅलरीतल्या मोगऱ्याला घालायच्या — आठवड्यात मोगरा काळाठिक्कर! तिने दुसऱ्या दिवशीचा काढा बाटलीत भरला आणि थेट पोलीस चौकी. हसा, हसा, मीही हसते. मग सगळं बाहेर आलं, नाशिकची त्याची पहिली बायकोसुद्धा, जिचं दुःख घेऊन तो माझ्याकडे आला होता. तिघी मारल्या. जन्मठेप झाली. आणि का, माहितीये? पैशासाठी नाही, दागिन्यांसाठी नाही. जजसाहेबांना म्हणाला, बायको गेली की मजल्यावरचे डबे आणून देतात, जवळ बसतात, पाठीवरून हात फिरवतात. ती असताना मला कोण विचारतं? — ऐका! त्याला विधुर व्हायला आवडायचं, आणि मी मेली त्याला पुन्हा पुन्हा नवरा करत होते.

मलाही बोलावलं की कोर्टात. वकिलाने विचारलं, कुणा बायकोने तक्रार केली होती का? मी म्हटलं, नाही. स्पष्ट. तक्रार नव्हतीच ती — फोन होता. साधा फोन. सुमेधाचा. म्हणाली, शैलाताई, काढा प्यायला की हातापायांना मुंग्या येतात, आणि नको म्हटलं तर हे समोर बसून राहतात, पेला रिकामा होईस्तोवर. आता ह्याला काय तक्रार म्हणतात? मी म्हटलं, अगं, नवरा हाताने करून देतोय, कौतुक करून घे, पी गुमान! हसलीसुद्धा. म्हणाली, बरं ताई, तुम्ही सांगताय तर पिते. — बारा दिवस. बाराव्या दिवशी गेली.

काय? प्रितीच्या वेळी नाही का आठवलं? आठवलं ना. न आठवायला काय झालं — पण ते खरं मानलं, तर मग सुमेधाला पी म्हणणारी मी कोण झाले? म्हणून तर प्रितीचं घाईने जमवलं. ती नीट नांदली असती, तर आधीच्या दोघी नुसत्या मेल्या असत्या. आपापल्या. हार्टने...

असं बघू नका हो. तुमच्यासाठी सोन्यासारखं माणूस काढून ठेवलंय, रमाकांत म्हणून, दादरचे, एकटेच, निर्व्यसनी, खूप सभ्य — मी स्वतः भेटल्येय त्यांना. एकदा. वीसेक मिनिटं.

वीस मिनिटं.

जा तुम्ही, मृणालिनीताई. पर्स घ्या. नाही, फॉर्म नको, नंबर नको, मुलीला विचारून येते वगैरे काही नको — जा म्हणते ना!