डब्यातल्या पाच गोळ्या

रत्ना : पाच कमी हायेत, आत्याबाई. दोनदा मोजल्यात मी. खरं सांगा, कुणी घेतल्या?

धोंडाबाई : चोरी झाल्यावानी काय वरडतीस? मीच घेतल्या. पित्त खवळलं व्हतं माझं. सून खाती त्याच सासूनं खाल्ल्या, तर काय बिघडलं?

रत्ना : अगं बाई! पोटरी दाखवा आधी. दुखती का? सुजली न्हाई ना? धाप लागती का?

धोंडाबाई : पित्ताचा आन् पोटरीचा काय संबंध? सोड माझा पाय!

रत्ना : त्या पित्ताच्या न्हाईत.

धोंडाबाई : दिवाळीत तूच तर सांगितलंस.

रत्ना : खोटं सांगितलं.

धोंडाबाई : मंग कशाच्या? आता बोल की! काय गेलंय माझ्या पोटात?

रत्ना : पुण्याला माझ्या छातीतली गाठ काढली ना, ती चरबीची नव्हती. कॅन्सरची व्हती.

(धोंडाबाई हातातलं सूप खाली ठेवते.)

धोंडाबाई : सोपानला ठावं हाये?

रत्ना : तेच म्हणाले, आईला सांगू नको, ती हाय खाईल.

धोंडाबाई : हाय खायची राह्यली, गोळ्याच खाऊन बसले मी. येऊ दे त्याला फाट्यावरनं, गॅरेजची कापडं काढायच्या आत इचारते. पण गाठ काढली, म्हंजे रोग गेला ना गं?

रत्ना : डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली म्हणून बरं. मशीनचा शेक बी दिला. पण परत उलटू नये म्हणून पाच वर्षं रोज एक गोळी. दोन हजार आठ सालापर्यंत. आन् सहा महिन्यांनी दाखवायचं, वर्षाला छातीचा फोटो.

धोंडाबाई : म्हणून पौषात पंखा लावून बसायचीस व्हय! आन् मी शेजारच्या सारजाबाईला म्हणले, सुनेला लई मस्ती आलीया.

रत्ना : अंगातून नुसत्या वाफा निघत्यात. गोळीनंच व्हतं तसं. पायात रक्ताची गुठळी बी व्हती कधी कधी, म्हणून तुमची पोटरी बघितली. कधी कधी वाटतं, टाकावी बंद करून. आन् मंगळवारी फोटोची तारीख हाये, तिथंबी मी जाणार न्हाई.

धोंडाबाई : का?

रत्ना : भीती वाटती, आत्याबाई. दुसऱ्या बाजूचा बी काढत्यात. बघितलंच न्हाई तर काही न्हाई, आन् बघितलं आन् निघालं तर? परत ते सगळं मला व्हणार न्हाई. सारखी पुण्याला चालली म्हणून लोकं बी इचारत्यात. उद्या समृद्धीचं बघायचं. आईला असं झालेलं कळल्यावर कोण उंबरा चढंल?

धोंडाबाई : समृद्धी अजून नववीत हाये. आन् तिच्या लग्नात आई पायजे का नको?

रत्ना : असं नका बोलू.

धोंडाबाई : मला बी भ्या वाटतंय गं. सोपान दीड वर्षाचा असताना मालक गेले, तवा बी एवढं वाटलं न्हाई. आजची घेतलीस का गोळी?

रत्ना : न्हाई. मोजतच बसले.

धोंडाबाई : घे. माझ्यासमोर घे. हे पाणी.

रत्ना : घेते. पण तुमी आता हात लावायचा न्हाई डब्याला. आजच फाट्यावरनं डॉक्टरला फोन लावते, तुमी पाच खाल्ल्या म्हणून. त्यांनी बोलावलं तर आजच निघू. न्हाई तर मंगळवारी तुमची पोटरी बी दाखवू.

धोंडाबाई : म्हंजे जाणार तू मंगळवारी.

रत्ना : तुमच्यापायी जावंच लागंल की.

धोंडाबाई : मंग ठरलं. गावाला सांगू, म्हातारीला डोळे दाखवाया न्यायचंय.

रत्ना : आत्याबाई... काही निघालं तर?

धोंडाबाई : मला बोर्ड वाचता येत न्हाई, रत्ना. परतीची गाडी तुलाच बघायचीया.